चोरीला जाणार नाही

मेंगत्सुनच्या वेशीबाहेर, बंद पडलेल्या पाइपांच्या कारखान्यामागे
पहाटे पाचला आम्ही सहा जण उभे असायचो.
नुसते उभे.

मी ट्रक चालवतो. अकरा वर्षं
सीटच्या आकाराची पाठ घेऊन हिंडतोय.
वाटलं होतं, मू मास्तर पहिल्याच दिवशी लाथ शिकवतील,
निदान मूठ तरी.
त्यांनी तीन महिने मला जमिनीत रोवून ठेवलं.
गुडघे किंचित वाकलेले, हात असे
की पोटाशी कुणाचं तरी मूल धरलंय
आणि ते झोपलंय.

नमाज आटोपून यायचे. पांढरी टोपी, हातांना तिळाचा वास.
मागून येऊन दोन बोटं माझ्या खांद्यावर ठेवायचे.
"हे कुणाचं ओझं?"
माझंच, मास्तर.
"मग खाली ठेव. इथे चोरीला जाणार नाही."

खांदे उतरायचे. तोवर हनुवटी पुढे जायची.
हनुवटी आत घेतली की कंबर ताठ.
कंबर सोडली की जीभ टाळूला चिकटून दगड.
शेजारी दोंग न्हावी थरथरायचा
दोरीवरच्या पायजम्यासारखा,
आणि मी हसलो की
माझाच श्वास गळ्यात अडकायचा.
"धरतोस कशाला त्याला?" मास्तर म्हणायचे,
"श्वास म्हणजे काय पळून गेलेलं कोंबडं आहे?
येईल. जाईल. तू फक्त दार लावू नकोस."

मग कधीतरी, दिवाळखोराच्या घरी पाहुणा यावा तसा
संकोचत
तो बेंबीच्या खाली उतरला.
मी कुणाला सांगितलं नाही.

डिसेंबरात लाल बोरांची पोती उतरवत होतो.
फळीवर बर्फ. वरचं पोतं सुटलं,
साठ किलो, सरळ माझ्या डोक्याच्या दिशेने.
मी काहीच केलं नाही.
म्हणजे, केलं ते मी नाही:
टाच वळली, टाचेमागे कंबर,
कंबरेमागे हात, दार उघडावं इतक्या सहज,
आणि पोतं माझ्या बाजूने जाऊन
गप्प बसलं.
हमाल म्हणाले, वा!
मी उभा. पहिल्यांदा खरोखर उभा.

धावत गेलो मास्तरांच्या दुकानात.
ते कणीक मळत होते, आणि मी पाहिलं,
तीच टाच. तीच कंबर. तेच दार.
चाळीस वर्षं रोज पहाटे
ते माझ्यासमोरच पोत्यांना वाट देत होते
आणि मी लाथेची वाट बघत होतो.
सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,
"आणि श्वास? तो कुठे होता?"
आठवत नाही, मास्तर.
काही बोलले नाहीत. भट्टीतून एक रोटी काढून दिली.
तीळ जरा जास्त होते.
(दोंग म्हणतो, हातून पडले असतील.)

तेवढ्यात त्यांची नात, युन-छ्याओ, पाच वर्षांची,
जमिनीवर सांडलेले तीळ वेचायला बसली.
टाचा टेकलेल्या, पाठ सरळ, मान मोकळी,
पोट हळूहळू वरखाली होणारं.
एकेक तीळ उचलून तोंडात टाकत होती
आणि काहीतरी गुणगुणत होती.
मास्तरांनी मळणं थांबवलं.
"हे बघ," म्हणाले. "हिला कुणी शिकवलं?"
मी मान हलवली.
"सप्टेंबरात शाळेत जाईल. बाकावर बसेल.
पाठीवर दप्तर, मग हातात फोन, मग कुठे तरी खुर्ची.
पस्तिशीला माझ्यासारख्या कुणाकडे येऊन म्हणेल,
मास्तर, मला उभं राहायला शिकवा."
कणकेवर पीठ भुरभुरलं त्यांनी.
"फी भरेल वर."

युन-छ्याओने एक तीळ माझ्यापुढे धरला.
घ्यायला वाकलो.
कंबर कुरकुरली.